सायलेन्सरमधलं पाणी : जुनी स्पोर्ट्स कार घेण्याआधी काय बघायचं

(किन्हवली येथील जाहीर व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. श्रोत्यांचे निवडक प्रश्न शेवटी दिले आहेत.)



आजचा विषय फळ्यावर वाचून काही जण हसले, ते आम्ही पाहिलं. किन्हवलीत स्पोर्ट्स कार? भातशेतीच्या गावात? पण तुम्हीच सांगा, गेल्या पाच-सात वर्षांत शहापूर-किन्हवली-सरळगाव रस्त्याने कशा कशा गाड्या जायला लागल्या? समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा, इगतपुरी ते आमणे, ५ जून २०२५ ला सुरू झाला. तो आपल्या शहापूर तालुक्यातून गेला. जमिनी गेल्या, मोबदला आला. कुणी घर बांधलं, कुणी मुलांना शिकवलं, कुणी गाडी घेतली. गाडी घेण्यात गैर काहीच नाही. पण जमीन एकदाच विकली जाते. तिचे पैसे जर एखाद्या फाटलेल्या इंजिनात गेले, तर ते परत येत नाहीत. म्हणून हा विषय.

आणि स्पोर्ट्स कार म्हणजे फक्त सिनेमातली लाल गाडी नव्हे. आपल्या महाराष्ट्रातच, रांजणगावच्या कारखान्यात, २०१५ साली अबार्थ पुंटो आली. दिसायला साधी हॅचबॅक, आत १.४ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, १४५ हॉर्सपॉवर. चाकणला पोलो जीटी टीएसआय बनायची. २०२२ मध्ये भारतातलं पोलोचं उत्पादन थांबलं, पण जुन्या बाजारात तिला अजून मागणी आहे. शेजारी गोव्यात एके काळी सॅन स्टॉर्म नावाची दोन सीटची, फायबरग्लासच्या बॉडीची, उघड्या टपाची गाडी बनत होती. अशा गाड्या आज दुसऱ्या, तिसऱ्या मालकाकडून मिळतात. नवी घ्यायची ऐपत नसलेल्या पोरांना जुन्यात त्या परवडतात. म्हणून आपली पोरं त्या बघायला ठाण्याला, नाशिकला, पुण्याला जातात.

तिथे काय होतं? गाडी सुरू केली जाते. मागून पांढरी वाफ येते, सायलेन्सरच्या तोंडातून पाणी टपटप गळतं. पोरगा घाबरतो. विकणारा म्हणतो, "अहो, पावसाळा आहे, पाणी येणारच." आता गंमत अशी आहे की हे वाक्य दहापैकी आठ-नऊ वेळा खरं असतं. आणि उरलेल्या वेळी त्याच वाक्याआड फुटलेलं हेड गॅस्केट लपवलेलं असतं. खरं कधी आणि थाप कधी, हे ओळखायचं कसं, एवढंच आज आपण बघणार आहोत.

पाणी मुळात येतं कुठून?

पहिली गोष्ट डोक्यात पक्की करा. पेट्रोल जळलं की पाणी तयार होतं. बाहेरून आत गेलेलं नाही, तयार होतं. पेट्रोल म्हणजे कार्बन आणि हायड्रोजन. त्यातला कार्बन हवेतल्या ऑक्सिजनशी जुळून कार्बन डायऑक्साइड होतो आणि हायड्रोजन ऑक्सिजनशी जुळून पाणी होतं. हिशेब मांडला तर एक किलो पेट्रोलला साधारण साडेतीन किलो ऑक्सिजन लागतो, आणि त्यातून तीन किलोच्या वर कार्बन डायऑक्साइड आणि सुमारे १.४ किलो पाणी निघतं. लिटरच्या भाषेत बोलायचं तर, एक लिटर पेट्रोल जाळा, जवळपास एक लिटर पाणी तयार होतं.

म्हणजे शहापूरला जाऊन यायला दोन लिटर पेट्रोल लागलं, तर दोन लिटरच्या आसपास पाणी तुमच्या सायलेन्सरमधून बाहेर पडलं. ते तुम्हाला दिसलं नाही, कारण ते वाफेच्या रूपात गेलं. वाफ गरम असते तोवर दिसत नाही.

दिसते कधी? पेट्रोल गाडीच्या धुरातली वाफ साधारण पन्नास अंशांच्या खाली आली की तिचं पाणी व्हायला लागतं. सकाळी गाडी थंड असते. इंजिनमधून निघालेला वायू तापलेला असतो, पण पुढचा लांबलचक पाइप आणि मागचा डबा गार असतो. चहाच्या पातेल्यावर थंड झाकण ठेवलं की झाकणाच्या आतून थेंब जमतात, तसंच हे. पाइपच्या आत थेंब जमतात, डब्याच्या तळाला पाणी साचतं आणि पुढून येणारा वायू ते बाहेर ढकलतो. पाइप तापला की थेंब जमणं बंद. म्हणून थंड गाडीतून पाणी गळणं हा रोग नाही. बऱ्याच सायलेन्सरला तळाशी एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेलं असतं, ते पाणी निघून जावं म्हणूनच.

स्पोर्ट्स कारमध्ये हे जास्त का दिसतं?

याची तीन-चार कारणं आहेत. एक, अशा गाडीचा सायलेन्सर मोठा असतो, कधी दोन डबे, दोन किंवा चार तोंडं. लोखंड जास्त म्हणजे तापायला वेळ जास्त. दुसरं, टर्बो. टर्बोचा पंखा धुराच्याच जोरावर फिरतो, त्यात धुराची बरीच उष्णता खर्च होते. शिवाय टर्बोचं जड लोखंड स्वतः तापायला उष्णता घेतं. म्हणून मागचा पाइप उशिरा तापतो. तिसरं, काही गाड्यांत एका तोंडाला झडप असते, हळू चालताना ती बंद राहते. मग एका तोंडातून पाणी गळतं, दुसरं कोरडं राहतं. ते बघून लोक म्हणतात, "एक सिलेंडर गेला." तसं काही नसतं.

चौथं कारण महत्त्वाचं. अशी गाडी चालते कमी. मालक रविवारी कापड काढतो, गाडी पाच मिनिटं सुरू ठेवतो, दोनदा रेस देतो, बंद करतो. त्या पाच मिनिटांत पाणी तयार झालं, पण पाइप तापून ते उडून गेलं नाही. आत साचून राहिलं. असं वर्षभर केलं की सायलेन्सर आतून गंजतो आणि इंजिन ऑइलमध्येही ओल धरते. म्हणून "आठ वर्षांत फक्त अठरा हजार किलोमीटर चाललीय" हे वाक्य ऐकून लगेच हुरळून जाऊ नका. ते अठरा हजार कसे चालले, ते विचारा. महिन्यातून एकदा नाशिकपर्यंत जाऊन आलेली गाडी वेगळी आणि गेटच्या आत उभी राहून घुरघुरणारी वेगळी.

आपली हवा आणि महिना लक्षात घ्या

शहापूर, मुरबाड म्हणजे पावसाचा पट्टा. तानसा, भातसा, वैतरणा ही धरणं आपल्याकडे उगाच बांधलेली नाहीत. जुलैत आपल्या हवेत एवढी ओल असते की दोरीवरचं कापड दोन दिवस वाळत नाही. अशा हवेत सायलेन्सरची वाफ जास्त वेळ दिसणारच. पौषातल्या सकाळी, गारव्यातही दिसणार.

पण तीच गाडी तुम्ही मे महिन्यात दुपारी दोन वाजता बघताय, ऊन भाजतंय, गाडी वीस किलोमीटर चालून आलीय, आणि तरी मागून दाट पांढरा धूर येतोय. तिथे "हवामान आहे" हे उत्तर चालणार नाही. खूण तीच असते, महिना बदलला की तिचा अर्थ बदलतो. म्हणून गाडी बघायला जाल तेव्हा पहिला प्रश्न स्वतःला विचारा, आज हवा कशी आहे?

चांगलं पाणी, वाईट पाणी

आता नीट ऐका, वहीत लिहून घेतलंत तरी चालेल.

साधं पाणी कसं ओळखायचं? ते पातळ असतं, जवळपास रंगहीन असतं. त्यात थोडे काळे कण असतील, ती काजळी. हल्लीच्या टर्बो पेट्रोल गाड्यांत तोंड काळं असतंच, त्याची काळजी नको. वाफ पातळ असते, तोंडापासून हातभर अंतरावर विरून जाते. आणि गाडी रस्त्यावर दहा-पंधरा मिनिटं नीट चालली की वाफ आणि थेंब कमी होत होत थांबतात. नुसती उभी ठेवून सुरू असेल तर जास्त वेळ लागतो, कारण मागचा डबा उभ्याने तापतच नाही. तेवढी सूट द्या.

वाईट पाणी म्हणजे इंजिनच्या आत शिरलेलं कूलंट. हेड गॅस्केट उडालं, हेडला तडा गेला, तर कूलंट सिलेंडरमध्ये झिरपतं आणि वाफ होऊन मागून निघतं. तो धूर दाट असतो, लवकर विरत नाही, जमिनीलगत रेंगाळतो. गाडी तापली तरी थांबत नाही, उलट रेस दिली की वाढतो. वास गोडसर येतो. पण त्या वासाबद्दल एक इशारा. आपल्याकडे रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी नुसतं नळाचं पाणी भरायची सवय फार आहे. मग गॅस्केट फुटलेलं असलं तरी गोड वास येणार नाही. म्हणजे वास आला तर दोष जवळपास नक्की, पण वास नाही आला म्हणून गाडी निर्दोष असं म्हणता येत नाही. आणि कुणीही ते थेंब जिभेला लावून बघू नका. कूलंटमध्ये सहसा जे ग्लायकॉल असतं ते विषारी असतं.

रंगाचंही सांगून टाकू. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय, टर्बोचे सील, व्हॉल्व्हचे सील किंवा रिंगा. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. ते दोष वेगळे, आजचा विषय पांढऱ्याचा.

संध्याकाळी तापवा, सकाळी सेल्फ मारा

आता खरी कसोटी. आम्ही एकच पद्धत सुचवतो, ती थोडी कष्टाची आहे पण फसवत नाही. गाडी दोनदा बघायची. एकदा संध्याकाळी, एकदा दुसऱ्या दिवशी सकाळी.

संध्याकाळी गेल्यावर इंजिन थंड असताना कूलंटच्या बाटलीतली पातळी बघा. बाटलीवर बाहेरून पेनाने बारीक खूण करा किंवा मोबाइलवर फोटो काढा. मग गाडी वीस-पंचवीस किलोमीटर चालवा, मालकाला शेजारी बसवून. थोडा चढ मिळाला तर उत्तम. तापमानाचा काटा बघा. मधल्या जागेवर येऊन तिथेच राहिला पाहिजे. चढावर वर सरकत असेल तर कान टवकारा. परत आल्यावर गाडी लावून ठेवायला सांगा. "उद्या सकाळी मी येईपर्यंत सेल्फ मारू नका," हे स्पष्ट सांगा.

हे असं का? तापलेल्या इंजिनात कूलंटवर दाब असतो. गाडी बंद केल्यावरही तो काही वेळ टिकतो. गॅस्केटला बारीक फट असेल तर त्या दाबाने कूलंट रात्रभर थेंब थेंब सिलेंडरमध्ये उतरतं. सकाळी पहिला सेल्फ मारला की ते बाहेर येतं. पहिला अर्धा-एक मिनिट इंजिन मिसिंग मारतं, थरथरतं, मागून पांढऱ्या धुराचा लोट निघतो, आणि मग सगळं सुरळीत. दुपारी बघायला जाणाऱ्याला ही गाडी अगदी झकास वाटेल. म्हणून पहिला सेल्फ तुमच्या डोळ्यांसमोर पडला पाहिजे. त्यासाठी आसनगावहून पहाटेची लोकल पकडावी लागली तरी पकडा. पाच-सहा लाखांचा व्यवहार आहे, एक झोप मोडायला हरकत नाही.

सकाळी पोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर मालकाने गाडी आधीच सुरू करून ठेवली होती. त्याला भांडू नका. नुसतं म्हणा, "उद्या परत येतो." त्याच्या चेहऱ्यावरून बरंच कळतं.

बॉनेट गार असेल तर क्रमाने बघा. कूलंटची पातळी कालच्या खुणेवर आहे का? डिपस्टिक काढा. ऑइल दुधाळ, चॉकलेटी फेसासारखं दिसतंय का? ऑइलच्या झाकणाला आतून पिवळट-पांढरी साय असेल तर मात्र घाई करू नका. थोडं थोडं चालणाऱ्या गाडीत, पावसाळ्यात, झाकणाखाली अशी साय जमते, ती नुसती दमट हवेची असू शकते. झाकण पुसा, गाडी तासभर चालवा, परत बघा. डिपस्टिकवर मात्र दुधाळपणा दिसला तर तो व्यवहार तिथेच थांबवा.

मग सायलेन्सरच्या मागे एकाला उभं करा, व्हिडिओ चालू करा आणि सेल्फ मारा. मागे पांढरं सुती फडकं हातभर अंतरावर धरा. थेंब पडून फडकं नुसतं ओलं झालं, काजळीचे ठिपके आले, वाळल्यावर काही उरलं नाही, तर पाणी. चिकट, तेलकट डाग राहिला तर पुढची तपासणी हवी. हे सगळं उघड्यावर करा. बंद गॅरेजमध्ये, शटर ओढून गाडी सुरू ठेवून धूर हुंगत बसू नका. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नसतो आणि तो माणूस मारतो. तसंच गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका. दाबाखाली कूलंट शंभर अंशांच्या वर असूनही उकळत नाही, झाकण फिरवलं की एकदम उकळून तोंडावर येतं.

गॅरेजमध्ये कुठल्या चाचण्या करून घ्यायच्या?

एवढ्यावर शंका उरली, किंवा गाडी महाग असली, तर विकणाऱ्याच्या ओळखीच्या नव्हे, आपल्या पसंतीच्या गॅरेजमध्ये चार चाचण्या करून घ्या.

पहिली, कूलिंग सिस्टीमला हातपंपाने दाब देऊन बघणं. दाब टिकला पाहिजे. उतरत असेल आणि बाहेर कुठे गळती दिसत नसेल तर पाणी आत जातंय.

दुसरी, निळ्या द्रवाची चाचणी. रेडिएटर किंवा कूलंटच्या बाटलीच्या तोंडावर एक नळी बसवतात, तिच्यात निळं द्रव असतं. इंजिन सुरू असताना वरची हवा त्यातून ओढतात. सिलेंडरमधला वायू कूलंटमध्ये शिरत असेल तर कार्बन डायऑक्साइडमुळे द्रव पिवळं पडतं. शाळेत लिटमस बघितलाय ना, त्याच जातीतला प्रकार. फार स्वस्त आणि फार उपयोगी.

तिसरी, प्लग काढून कॉम्प्रेशन मोजणं. सगळ्या सिलेंडरचे आकडे जवळपास सारखे हवेत. एखादा बाकीच्यांपेक्षा दहा-पंधरा टक्क्यांहून खाली असेल तर कारण शोधायलाच हवं. प्लग काढलेलेच आहेत, तर ते शेजारी शेजारी मांडून बघा. तीन प्लग तपकिरी आणि एकच धुतल्यासारखा चकचकीत असेल, तर त्या सिलेंडरमध्ये वाफेने धुलाई चालू आहे.

चौथी, स्कॅनर लावणं. पी ०३०० किंवा पी ०३०१ सारखे कोड मिसिंगचे असतात. पण कोड पुसून टाकता येतात. म्हणून मेकॅनिकला विचारा, गाडीच्या स्वतःच्या तपासण्या पूर्ण झालेल्या दिसतात का? सगळ्याच अपूर्ण असतील तर कुणीतरी नुकतेच कोड पुसलेत किंवा बॅटरी काढली होती.

या चाचण्यांना काही हजार लागतात. हेड उतरवायचं काम निघालं तर साध्या गाडीतही ते हजारांत भागत नाही, आणि बाहेरून आणलेल्या गाडीत लाखांत जातं.

पुरात बुडालेली गाडी

सायलेन्सरच्या पाण्याची आणखी एक जात आहे, ती सगळ्यात लबाड. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. २७ जुलै २०१९ ला उल्हास नदीच्या पुरात बदलापूर-वांगणी परिसर बुडाला. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीने चिपळूण बुडवलं. अशा प्रत्येक पुरात गाड्या बुडतात. त्यातल्या काही भंगारात जातात, काही धुऊन-पुसून दुसऱ्या जिल्ह्यात विकायला येतात.

बंद असलेली गाडी पाण्यात बुडाली तर पाणी सायलेन्सरच्या तोंडातून आत शिरतं, सोबत चिखल नेतं. पाणी नंतर वाळतं, चिखलाचा थर राहतो. म्हणून टॉर्च लावून तोंडाच्या आत बघा. काजळी काळी असते. मातकट, वाळलेला थर दिसला तर प्रश्न विचारा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, शेवटच्या हातभर पट्ट्यावर डाग असतो. स्टेपनीची जागा, सीटखालच्या पट्ट्यांचे बोल्ट, डॅशबोर्डखालच्या वायरींची टोकं बघा. तिथे हिरवट गंज असेल तर पॉलिशने तो लपत नाही.

आणि चालू गाडी खोल पाण्यात घातली, एअर फिल्टरमधून पाणी सिलेंडरमध्ये गेलं, तर त्याहून वाईट. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येतो, पाण्यावर आपटतो, कनेक्टिंग रॉड वाकतो. थोडा वाकलेला रॉड घेऊन गाडी महिनोन् महिने चालते आणि एक दिवस ब्लॉक फोडून बाहेर येते. स्पोर्ट्स कार जमिनीलगत असतात, काहींचा हवा ओढायचा पाइपही खाली असतो, त्यांना हा धोका जास्त. साध्या विम्यात असं इंजिनचं नुकसान बहुधा धरत नाहीत, त्यासाठी इंजिन संरक्षणाची वेगळी जोड घ्यावी लागते. म्हणून जुन्या मालकाकडे विम्याचे आणि दाव्यांचे कागद मागा.

मग निर्णय कसा घ्यायचा?

एक उदाहरण मांडू. समजा मुरबाडकडच्या एका मुलाला दोन गाड्या आवडल्या. दोन्ही टर्बो हॅचबॅक, दोन्ही आठ वर्षांच्या. पहिल्या गाडीतून सकाळी पाणी गळतंय, वाफ येतेय, ऑइलच्या झाकणाखाली सायही आहे. दुसरी अगदी कोरडी, बॉनेट मात्र कोमट, मालक म्हणतो, "तुमच्यासाठी तयार ठेवली." मुलगा आणि त्याचे वडील दुसरीकडे झुकणार, हे उघड आहे.

पण पहिलीचं कूलंट खुणेवरच आहे. पंधरा मिनिटं चालवल्यावर वाफ थांबली. झाकण पुसून तासभर चालवल्यावर साय परत आली नाही. पाणी साधं होतं, गाडी नुसती उभी राहून कंटाळली होती. सायलेन्सर गंजला असेल, तो बदलायचे पैसे किमतीतून कमी करून मागा आणि घ्या. दुसरीबद्दल मात्र आपल्याला अजून काहीच कळलेलं नाही. कोरडा सायलेन्सर हा पुरावा नाही, आधी तापवलेलं इंजिनही कोरडंच दिसतं. ती थंड असताना बघायला मिळेपर्यंत बयाणा द्यायचा नाही.

आपल्या म्हशाच्या जत्रेत बैल घेताना म्हातारी माणसं काय करायची? दात बघायची, खूर बघायची, मग चालवून बघायची. शिंगांना रंग किती छान लावलाय, यावर पैसे देत नसत. गाडीचंही तेच. पॉलिश म्हणजे शिंगांचा रंग.

श्रोत्यांचे प्रश्न

*प्रश्न : आमची सीएनजी गाडी आहे. तिच्यातून पेट्रोलपेक्षा जास्त पाणी गळतं. किटमध्ये दोष आहे का?*

नाही. सीएनजी म्हणजे मुख्यतः मिथेन, त्यात हायड्रोजनचं प्रमाण पेट्रोलपेक्षा जास्त. एक किलो मिथेन जळला की सव्वादोन किलो पाणी तयार होतं. म्हणून पाणी जास्त दिसणारच. मात्र कूलंट कमी होतं का, ते तिथेही बघा.

*प्रश्न : पेट्रोलमध्ये इथेनॉल आलं, त्यामुळे पाणी वाढलं असं लोक म्हणतात.*

जळल्यावर तयार होणारं पाणी लिटरमागे फारसं बदलत नाही, इथेनॉलचं उलट किंचित कमीच भरतं. पण इथेनॉल ओल धरून ठेवतं. गाडी टाकीत जुनं पेट्रोल ठेवून महिनोन् महिने उभी असेल तर टाकीत त्रास होऊ शकतो. तो सायलेन्सरच्या थेंबांवरून कळत नाही. उभी असलेली गाडी घेताना पेट्रोल किती जुनं आहे ते विचारा.

*प्रश्न : गॅरेजवाला म्हणाला, रेडिएटरमध्ये एक औषध टाकतो, गळती बंद होईल.*

असं द्रव मिळतं. बारीक गळती ते काही दिवस थांबवतं. रस्त्यात अडकलात तर घरी पोचायला ठीक. पण गॅस्केटचा तो इलाज नव्हे, आणि त्याचा गाळ रेडिएटरच्या बारीक नळ्यांत अडकू शकतो. विकत घेणाऱ्याने उलटं बघायचं. कूलंटच्या बाटलीत तपकिरी गाळ, चमकणारे कण किंवा तेलाचा तवंग दिसला, तर कुणीतरी आधीच ते औषध टाकलं असेल किंवा ऑइल पाण्यात मिसळत असेल.

*प्रश्न : सायलेन्सर काढून सरळ पाइप लावला तर पाणी साचायचा प्रश्नच मिटेल ना?*

(हशा) पाणी साचणार नाही, पोलीस साचतील. तो बदल बेकायदेशीर आहे, आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही काढला तर धूर विषारी राहतो. शिवाय बदललेल्या पाइपाची गाडी विकत घेत असाल तर मूळ सायलेन्सर सोबत मागा. तो मिळाला नाही तर त्याची किंमत कमी करूनच बोला.

*प्रश्न : पोरगा ऐकत नाही. गाडी आवडलीय म्हणतो. दोन दिवस थांबला तर दुसरा नेईल म्हणतो.*

काका, हा प्रश्न इंजिनचा नाही, पण सगळ्यात महत्त्वाचा आहे. घाई हे विकणाऱ्याचं हत्यार आहे. पोराला "नको" म्हणू नका, त्याला काम द्या. संध्याकाळी कूलंटवर खूण करायची, सकाळी पहिला सेल्फ बघायचा, व्हिडिओ आणायचा. तो स्वतः तपासायला लागला की डोकं आपोआप थंड होतं. आणि गाडी चांगली निघाली तर तुम्हीही शेजारी बसा, माळशेज घाटापर्यंत जाऊन या. पावसाळ्यात जाल तेव्हा मागून थोडी वाफ येईल. ती बघून आता घाबरणार नाही, एवढं तर आज झालं.